पुण्यातील मुलींच्या शाळांचे एक वर्ष : १८५१-५२ च्या नोंदी आणि आपला सीमाभाग

शाळेचा वार्षिक अहवाल हा मराठी लेखनातील सर्वांत उपेक्षित प्रकार असावा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुख्याध्यापिका तो वाचतात, पाहुणे घड्याळाकडे पाहतात, पडद्यामागे मुली नाचाच्या वेशात ताटकळत उभ्या असतात आणि दुसऱ्या दिवशी तो कागद कपाटात जाऊन पडतो. पटसंख्या, परीक्षांचे निकाल, बक्षिसे, देणग्या, नव्या वर्गखोल्या यांची ती यादी पुन्हा कोणी वाचत नाही. आम्हांस मात्र व्यवसायामुळे अशा कागदांची किंमत कळते. सभेतील भाषण, ते कितीही ओजस्वी असले तरी, न्यायासनापुढे पुरावा म्हणून उभे राहत नाही. पटावरील नाव, परीक्षेची तारीख, जमाखर्चाची ओळ आणि तपासनीसाचा शेरा या गोष्टी उभ्या राहतात. एखाद्या गावी मराठी नांदत होती हे सिद्ध करताना जनगणनेच्या तक्त्यांइतकाच शाळेचा दप्तरखाना कामास येतो, हे सीमाप्रश्नाच्या कामात आम्ही वारंवार अनुभवले आहे.

म्हणून या लेखात आम्ही मुलींच्या शाळांच्या एका जुन्या वर्षाचा वृत्तान्त मांडीत आहोत. स्थळ पुणे. काळ ३ जुलै १८५१ पासून पुढची सुमारे दीड वर्षे. शाळा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या. या दांपत्याची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शेणगोळे, दगड आणि पिशवीतले दुसरे लुगडे हे प्रसंग मुले चौथीतच ऐकतात. तेवढी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, या शाळांनी केवळ छळ सोसला नाही. त्यांनी आपल्या कामाचा हिशोब समाजापुढे तारीखवार मांडला. आपणांस आज जे खात्रीने सांगता येते, ते त्या हिशोबामुळे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मुलींना शाळेत घालण्याचा प्रयोग मुंबई इलाख्यात सर्वस्वी नवा नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली होती. अहमदनगरला मिस फॅरार यांची शाळा चालू होती; ती पाहूनच जोतीरावांच्या मनात हा विचार पक्का झाला. १८४९ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमधील सुशिक्षित तरुणांच्या सभेने मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा उघडल्या. पुण्यात १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीरावांनी जी शाळा काढली, तिचे वेगळेपण असे की, ती काढणारा एतद्देशीय होता, शूद्र मानलेल्या जातीचा होता, आणि शिकविणारी त्याची स्वतःची पत्नी होती. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकविले. पुढे त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या स्नेह्यांनीही उचलली.

ही पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली. ती नेमकी कोणत्या दिवशी उघडली, यावरही अभ्यासकांत एकवाक्यता नाही. १ जानेवारी ही तारीख प्रचारात आहे. काहींच्या मते ती ऑगस्टमध्ये सुरू झाली. एवढ्या मोठ्या घटनेच्या तारखेचा वाद व्हावा याचे कारण साधे आहे. त्या वेळी शाळेभोवती मंडळी नव्हती, इतिवृत्त नव्हते, परीक्षेचा कागद नव्हता. १८५१ पासूनचे चित्र मात्र एकदम स्पष्ट होते. दिनांक, पेठ, वाड्याचे नाव, मुलींचा आकडा असे सगळे मिळू लागते. तीन वर्षांच्या अंतराने हा फरक कसा पडला, हेच या वृत्तान्तातील शिकण्याजोगे आहे.

३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. हळूहळू ही संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. मुख्य शिक्षिका सावित्रीबाई. त्यांचे वय त्या वेळी अवघे वीस. साहाय्यास विष्णुपंत थत्ते आणि विठ्ठल भास्कर हे शिक्षक. शाळेच्या कारभारासाठी एक मंडळी नेमलेली होती. केशव शिवराम भवाळकर, बापूराव मांडे, अण्णासाहेब चिपळूणकर, कृष्णशास्त्री चिपळूणकर, विष्णु मोरेश्वर भिडे अशी नावे तीत आढळतात. ही यादी वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी. ज्या ब्राह्मण वस्तीतून शाळेला विरोध झाला, त्याच वस्तीतील वाडा शाळेला मिळाला आणि त्याच समाजातील माणसे तिच्या कारभारात बसली. इतिहास एका रंगात रंगविणाऱ्या दोन्ही पक्षांना हा कागद अडचणीचा आहे, आणि म्हणूनच तो जपला पाहिजे.

१७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत दुसरी शाळा उघडली. त्यानंतर महिन्याभरात, १६ ऑक्टोबरला, सरकारी मराठी शाळांचे सुपरिंटेंडेंट दादोबा पांडुरंग तर्खडकर शाळेची तपासणी करण्यास आले. भाषेच्या अभ्यासकांनी या भेटीपाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. १८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करून आपल्या भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणारे हे दादोबा. मुंबई इलाख्यातील मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या व्याकरणावर मुले वाढली, ते स्वतः बुधवार पेठेतील एका वाड्यात बसून, तीन महिने शाळेत आलेल्या मुलींना एकेकीस प्रश्न विचारीत होते. इतक्या अल्प काळात फार अपेक्षा करता येत नव्हती. तरीही मुलींची प्रगती पाहून त्यांनी समाधान व्यक्त केले.

शाळेत काय शिकवीत? वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल, इतिहास आणि नकाशांचे ज्ञान. हे सर्व मराठीतून. ही गोष्ट त्या काळात स्वयंसिद्ध नव्हती. पुण्यातील पारंपरिक विद्येची भाषा संस्कृत होती आणि नव्या प्रतिष्ठेची भाषा इंग्रजी होती. संस्कृतचे दार या मुलींना बंदच होते. इंग्रजीचे दार उघडले असते तरी आठ-दहा वर्षांच्या मुलीला त्या दारातून आत शिरण्यास जी वर्षे लागतात, तेवढी वर्षे तिच्या हाती नव्हती. बाराव्या वर्षाच्या आत लग्न, त्यानंतर सासर, मग शाळा संपली. दोन-तीन वर्षांच्या अवधीत मुलीला वाचता, लिहिता, हिशोब मांडता आणि विचार करता यावा, असे वाटत असेल तर तिच्या घरच्या भाषेवाचून अन्य साधन नव्हते. मातृभाषेतील शिक्षणाच्या बाजूने पुढे पुष्कळ तात्त्विक लेखन झाले. या शाळांत तो प्रश्न तत्त्वाचा नव्हता, हाती असलेल्या दिवसांचा होता.

१७ फेब्रुवारी १८५२ रोजी शाळेची पहिली वार्षिक परीक्षा झाली. त्या काळची वार्षिक परीक्षा म्हणजे बंद खोलीतील उत्तरपत्रिका नव्हे. निमंत्रित पाहुणे आणि शहरातील लोक यांच्या समोर मुली उभ्या राहून वाचीत, नकाशावर ठिकाणे दाखवीत, तोंडी गणिते सोडवीत. मुलगी शिकली तर तिचे अन्न बिघडते, तिचा नवरा मरतो, असे मानणाऱ्या समाजापुढे हा प्रकार एखाद्या खटल्यातील साक्षीसारखा होता. विरोधकांचे म्हणणे होते की मुलींना विद्या येणारच नाही, आणि आली तर अनर्थ होईल. पहिल्या भागाचे उत्तर मुलींनीच भर सभेत दिले. दुसऱ्या भागाचे उत्तर काळाने दिले. आठ मुलींपासून ही सुरुवात होऊन तोवर साडेसात महिने झाले होते.

परीक्षेनंतर महिन्याभरात, १५ मार्च १८५२ रोजी, वेताळ पेठेत (आजची गुरुवार पेठ) तिसरी शाळा निघाली. म्हणजे नऊ महिन्यांत तीन पेठांत तीन शाळा झाल्या. याच काळात महार, मांग इत्यादी लोकांस विद्या शिकविण्यासाठी स्वतंत्र मंडळी आणि तिच्या शाळाही उभ्या राहिल्या. सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे जोतीरावांचे मित्र या कामी त्यांच्या पाठीशी होते. स्त्रीशिक्षण आणि अस्पृश्यांचे शिक्षण ही दोन कामे पुढच्या काळात अनेक सुधारकांनी वेगवेगळी धरली. येथे ती एकाच घरातून, एकाच खिशातून चालली होती.

खिशाचा विषय निघाला म्हणून पैशाचे पाहू. सावित्रीबाई प्रारंभी वेतन न घेता शिकवीत. शाळांचा खर्च वर्गणी आणि देणग्यांवर चाले. त्यांत एतद्देशीयांबरोबर युरोपियन अधिकाऱ्यांचाही हात असे. पुढे सरकारने दक्षिणा निधीतून मुलींच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मंजूर केले. या ओळीत पुष्कळ इतिहास दडलेला आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिचाच हा वारसा. कंपनी सरकारने ती प्रथा आटोपती घेऊन त्यातील काही रक्कम १८२१ मध्ये पुण्यात स्थापलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविली. १८४९ मध्ये सुधारकांनी अर्ज केला की, दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. जोतीराव या वेळी सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात येऊन मराठी ग्रंथलेखनास बक्षिसे मिळू लागली. ज्या निधीतून शास्त्र्यांना दान मिळे, त्यातून प्रथम मराठी ग्रंथाला आणि मग मराठी शिकणाऱ्या मुलीला वाटा मिळाला. सार्वजनिक पैशावर भाषेचा आणि स्त्रीचा हक्क या क्रमाने प्रस्थापित झाला, तोही आपोआप नव्हे. अर्ज, विरोध आणि निर्णय या वाटेने.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. विश्रामबाग हा दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, आणि संस्कृत पाठशाळा भरे ती याच वाड्यात. सत्काराच्या प्रसंगी पुढाकार होता पूना कॉलेजचे प्रमुख मेजर थॉमस कँडी यांचा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे सहकारी, शालेय पुस्तकांच्या मराठीवर देखरेख करणारे आणि मराठी लेखनात विरामचिन्हे रूढ करणारे ते हे कँडी. त्यांनी घडविलेल्या शालेय मराठीवर ती कृत्रिम असल्याची टीका पुढे झाली, आणि ती बरीचशी योग्यही होती. तरीही दादोबा आणि कँडी ही दोन नावे एकाच शाळेच्या दोन वर्षांच्या नोंदीत सापडावीत, याला अर्थ आहे. मराठी गद्य ज्या हातांनी आकार घेत होते, त्यांना त्या गद्याच्या नव्या वाचक कोण असतील हे याच शाळांत दिसले.

या वृत्तान्ताचा कळस १२ फेब्रुवारी १८५३ च्या परीक्षेत आहे. पूना कॉलेजच्या आवारात ती झाली. परीक्षेला २३७ मुली बसल्या. पाहण्यास तीन हजारांहून अधिक लोक जमल्याचा तत्कालीन वृत्तान्त आहे. आठ मुली ते २३७ मुली, हा प्रवास एकोणीस महिन्यांचा. या आकड्यामागे त्याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे २३७ घरांतील आईबापांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे ऐकून घेऊन मुलीला दाराबाहेर जाऊ दिले. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. आम्हांस या सर्व प्रकरणातील खरे धैर्य त्यांच्यात, शिक्षिकेच्या धैर्याइतकेच, दिसते.

वृत्तान्ताची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अपुरा पुरावा देणे हा आमच्या व्यवसायात दोष मानतात. मुली फार काळ टिकत नसत. शिक्षिका मिळत नसत. १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांच्या देणग्या आटल्या आणि शाळांची आर्थिक बाजू लंगडी झाली. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी या शाळांची हकिकत थोडक्यात सांगितली आहे. आपण व आपल्या पत्नीने शाळेत एकत्र काम केले, पुढे कारभार सुशिक्षित एतद्देशीयांच्या मंडळीकडे सोपविला, आपण नऊ-दहा वर्षे तेथे काम केले आणि मग काही कारणांनी, ज्यांचा तपशील त्यांनी दिला नाही, बाजूस झालो. शाळा पुढे शिक्षणखात्याकडे जाऊन अजून चालू आहेत, असा त्याचा आशय. त्याच निवेदनाच्या अखेरीस मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक उदारपणे प्रसार व्हावा, अशी विनंती आहे. तीस वर्षांपूर्वीच्या कामाबद्दल आत्मस्तुतीचा एक शब्द नाही. साक्षीदार असा असावा.

आता या वर्षाचे खरे फलित. १८५५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. विषय होता मांग आणि महार यांचे दुःख. लेखिका मुक्ता साळवे, मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी, जोतीरावांच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेली. हिशोब केला तर तिच्या शिक्षणाचा आरंभ आपण पाहत असलेल्या १८५२ सालाजवळ येतो. या निबंधात तिने विचारले की, वेद ज्यांचे त्यांनीच ते पाहावेत असे असेल, तर आमच्याजवळ धर्मपुस्तक कोणते? वाड्यांच्या पायात तिच्या जातीच्या माणसांना गाडले जाई, बाळंत झालेल्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसे, हे तिने लिहिले. शेवटी आपल्या बांधवांना शिकण्याचे आवाहन केले.

हा निबंध आम्ही जेव्हा जेव्हा वाचला, तेव्हा त्यातील युक्तिवादाच्या बांधणीने थक्क झालो. गृहीत मांडावे, त्यातून विसंगती काढावी, मग उदाहरण द्यावे, मग मागणी करावी, हे कसब अनुभवी वकिलालाही सहज साधत नाही. ते या मुलीने तीन वर्षांच्या शाळेत मिळविले, आणि ते तिला तिच्या भाषेत मिळाले म्हणून मिळाले. परक्या भाषेत तीन वर्षांनी तिने फार तर कविता पाठ म्हणून दाखविल्या असत्या. शिकविणाऱ्या सावित्रीबाईंचाही 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये निघाला होता. म्हणजे या शाळांनी तीन-चार वर्षांत मराठीला एक कवयित्री आणि एक निबंधकार दिली. वार्षिक अहवालात 'उपलब्धी' या सदराखाली याहून मोठी नोंद होऊ शकत नाही.

ज्या भिडे वाड्यात आरंभ झाला, तो वाडा न्यायालयात दीर्घकाळ अडकून पडला होता. २०२३ मध्ये निकाल लागून जीर्ण इमारत उतरविण्यात आली आणि स्मारकाची वाट मोकळी झाली. स्मारक व्हावेच. पण लक्षात घ्यावे की, भिंती जाऊनही शाळांचा इतिहास गेला नाही, कारण तो कोणीतरी लिहून ठेवला होता. आणि जे लिहून ठेवले गेले नाही, ते मात्र निसटले. सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख यांच्याविषयी आज जे वाद होतात ते याचमुळे. १८५६ मध्ये सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. तो आधार मोलाचा आहे, पण पत्रातील एका उल्लेखावर एका स्त्रीच्या सगळ्या कामाचा भार पडावा, हे आपल्या नोंदवहीचे अपयश आहे.

आता सीमाभागाकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा ज्या प्रांतात होता, त्याच प्रांताच्या शिक्षणव्यवस्थेची ही पहिली पाने आहेत. त्या अर्थाने पुण्याचा हा वारसा आपलाही आहे. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेबरोबर झालेल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क संविधानात आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी पुरविण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. हे हक्क कागदावर आहेत. ते अमलात आणावयाचे तर दुसरा कागद लागतो, तो म्हणजे अमुक गावी इतक्या मराठी मुली शिकत होत्या, इतक्यांना मराठी शिक्षिका नव्हती, इतकी पुस्तके सत्राच्या अखेरीस आली, हे सांगणारा.

म्हणून आमची विनंती मराठी कन्याशाळांच्या मुख्याध्यापिकांना, संस्थाचालकांना आणि माजी विद्यार्थिनींना आहे. या वर्षीचा अहवाल औपचारिकता म्हणून लिहू नये. पट इयत्तावार द्यावा. किती मुली शाळा सोडून गेल्या आणि का, हे लिहावे; लग्नामुळे, स्थलांतरामुळे, की दुसऱ्या माध्यमात, हे वेगळे करावे. रिक्त जागा, त्यांसाठी केलेले अर्ज आणि आलेली उत्तरे तारखेसह नोंदवावीत. मुलींनी लिहिलेले निबंध हस्तलिखितात जपावेत. त्यांत एखादी मुक्ता असेल. जुने हजेरीपट रद्दीत न देता त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि अहवालाच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवाव्यात. शाळा चालू असताना हे काम क्षुल्लक वाटते. ती बंद करण्याचा प्रस्ताव टेबलावर आला की, पहिला प्रश्न याच कागदांविषयी विचारला जातो.

१८५१ च्या जुलैत बुधवार पेठेत आठ मुली शाळेत आल्या. पावणेदोनशे वर्षांनी आपण तो आकडा निःशंकपणे लिहू शकतो, कारण त्या दिवशी कोणीतरी मुली मोजल्या आणि लिहून ठेवल्या. सीमाभागातील एखाद्या खेड्याच्या मराठी शाळेत या जूनमध्ये आठच मुली आल्या असतील, तर त्याही मोजून ठेवाव्यात, नावानिशी.